आईची खोली, बैठकीची खोली आणि उजेड : साताऱ्यातील एका घराच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

घरातील दोन खोल्यांचे काम आजपासून हाती घेतले आहे. पहिली रस्त्याकडची बैठकीची खोली, १४ फूट बाय ११ फूट. दुसरी मागच्या अंगाची आईची खोली, १२ फूट बाय १० फूट. दोन्हींची उंची १० फूट आहे. हे घर वडिलांनी १९८६ मध्ये अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तरेकडील उताराखाली बांधले. भिंती नऊ इंची विटांच्या, फरशी करड्या मोझॅकची, आणि खिडक्या जमिनीपासून अवघ्या २२ इंचांवर सुरू होणाऱ्या आहेत. वडील खुर्चीपेक्षा गादी-तक्क्यावर अधिक बसत आणि खाली बसलेल्या माणसालाही बाहेरचा रस्ता दिसला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, त्यामुळे खिडक्या एवढ्या खाली आल्या. पुढे घरात सोफा आला, शोकेस आली, दिवाण आला. खिडक्या मात्र जमिनीवर बसणाऱ्यांच्याच उंचीच्या राहिल्या.

एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून मी मे महिन्यात निवृत्त झाले, त्यामुळे रंगाबाबत आपल्याला फारसे कोणाला विचारावे लागणार नाही अशी माझी समजूत आहे. ती इथे नोंदवून ठेवते. पहिले पंधरा दिवस काहीही विकत न घेता केवळ मोजमाप करायचे असे ठरवले आहे. दादाने पुण्याहून फोनवर कोपऱ्यात बसणारा नवा सोफा घेण्याचा सल्ला दिला. त्यावर सध्या काही बोलले नाही.

१२ नोव्हेंबर

तीन दिवस उजेडाची नोंद ठेवली. बैठकीची मोठी खिडकी दक्षिणेला, म्हणजे थेट डोंगरासमोर आहे. पूर्वेला एक लहान खिडकी आहे. भर दुपारी बारा वाजता दक्षिणेकडचा उन्हाचा पट्टा भिंतीपासून दोन फूट आत आला होता. तिथे खडूने खूण केली. डिसेंबरमध्ये सूर्य आणखी दक्षिणेला कलतो आणि साताऱ्याच्या अक्षांशावर भर दुपारीही तो जेमतेम ४९ अंश उंच असतो, तेव्हा हा पट्टा आणखी आत यायला हवा. संध्याकाळ मात्र इथे लवकर होते. पावणेपाचच्या सुमारास सूर्य किल्ल्याच्या उताराआड जातो आणि पोवई नाक्याकडे अजून लख्ख ऊन असताना आमच्याकडे दिवा लावावा लागतो.

आईच्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी आहे, तीही पश्चिमेच्या कोपऱ्याला लागून. इथला उजेड दिवसभर सारखा, मऊ आणि किंचित निळसर असतो. चित्रकाराला असा उजेड हवाहवासा वाटतो, कारण त्यात सावल्या सरकत नाहीत. पण त्याच उजेडात करडे आणि पांढरे रंग थंड, विटके दिसतात. वहीत असे लिहिले : "आईच्या खोलीत थेट ऊन कधीच येत नाही. रंग उष्ण छटेचा हवा."

१७ नोव्हेंबर

आलेख कागदावर एका फुटाला दोन सेंटिमीटर या प्रमाणात बैठकीच्या खोलीचा आराखडा काढला आणि प्रत्येक वस्तूचा जाड पुठ्ठ्याचा तुकडा त्याच मापाने कापला. दारे ज्या बाजूला उघडतात तिकडे त्यांचे पाव वर्तुळ काढले. कपाटाच्या झडपांचेही काढले. हे वर्तुळ काढायचे राहिले की आराखड्यात बसलेली वस्तू खोलीत बसत नाही.

सरकवून पाहण्यापूर्वी काही अंतरे निश्चित केली. माणसाला न वळता, हातात ताट घेऊन जाता यावे यासाठी मुख्य वाट किमान ३० इंच, शक्यतो ३६ इंच. सोफा आणि टीपॉय यांच्यात १६ इंच. त्याहून कमी असेल तर गुडघे आपटतात आणि जास्त असेल तर चहाचा कप ठेवायला वाकावे लागते. समोरासमोर बसणाऱ्यांत आठ फुटांपेक्षा जास्त अंतर नको, कारण मग माणसे आवाज चढवून बोलतात आणि दहा मिनिटांत टीव्ही लावला जातो.

आजवर आमच्या बैठकीत सगळे सामान भिंतींना टेकलेले होते आणि मधली जागा मोकळी होती. गादी-तक्क्यांच्या घरात ही मांडणी बरोबरच असते, कारण तिथे मधली जागा जेवणाच्या पंगतीला, हळदीकुंकवाला आणि पाहुण्यांच्या अंथरुणांना लागते. आमच्याकडे मात्र पंगती बंद होऊन वीस वर्षे झाली. उरली ती केवळ एक मोकळी जागा, जिच्या दोन टोकांना बसून आई आणि शेजारच्या वहिनी एकमेकींना "काय?" असे विचारत असतात.

दुसरी गोष्ट आराखड्यात लगेच दिसली. सोफा दक्षिणेच्या खिडकीला पाठ लावून आहे आणि त्याची पाठ ३४ इंच उंच आहे, म्हणजे खिडकीचा खालचा एक फूट तिने झाकला आहे. वरून दोन फुटांचा छज्जा ऊन अडवतो. थंडीत छज्जाखालून जेवढे ऊन आत येऊ पाहते, त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा सोफ्याच्या पाठीवर पडून संपतो. सोफ्याच्या मागच्या कापडाचा रंग उडालेला होता. आम्ही त्याचा दोष कापडाला दिला होता.

२३ नोव्हेंबर

सुतारमामा आणि त्यांचा मुलगा आले आणि सामान हलवले. सोफा पश्चिमेच्या भिंतीला गेला. खिडकीखाली १६ इंच उंचीचा जुना दिवाण आला. तो खिडकीच्या खालच्या कडेपेक्षा सहा इंच बुटका असल्याने उजेड अडत नाही. दोन सागवानी खुर्च्या भिंतीपासून सुटवून सोफ्यासमोर सात फुटांवर, किंचित तिरप्या ठेवल्या. त्यांच्या मागून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ३४ इंचांची वाट राहते, त्यामुळे येणारा-जाणारा आता बसलेल्यांच्या मधून न जाता मागून जातो.

शोकेस काढली. तिच्या मागची भिंत कित्येक वर्षांत प्रथमच दिसली.

१ डिसेंबर

आईच्या खोलीच्या पश्चिम भिंतीला खालच्या दोन-अडीच फुटांवर पोपडे आले आहेत आणि बोटाने खरवडले की पांढरी पूड, म्हणजे लोणा, हाताला लागते. ही ओल पावसाची, कारण साताऱ्यात पाऊस पश्चिमेकडूनच झोडपतो, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. तरीही खात्रीसाठी प्लॅस्टिकचा फूटभर चौरस तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून चोवीस तास ठेवला. दव प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला जमले तर ओलावा खोलीतल्या हवेचा आणि आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले तर तो भिंतीतला, एवढी ही साधी परीक्षा आहे. थेंब आतल्या बाजूला होते. पाऊस थांबून दीड महिना उलटला असताना भिंत आतून ओली असेल तर पाणी घरातूनच येते आहे. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे.

प्लंबरने फरशीलगतची एक जोडणी उघडली तेव्हा ती झिरपत असल्याचे दिसले. या भिंतीवर गेल्या दहा वर्षांत तीनदा रंग दिला गेला. तीनही वेळा पोपडे झाले आणि दर वेळी आम्ही रंगाची जात बदलली.

८ डिसेंबर

पेंटर आला. हा माझा जुना विद्यार्थी. आठवीत असताना माझ्याच आग्रहाने एलिमेंटरीच्या परीक्षेला बसला होता; आता त्याच्या हाताखाली चार माणसे काम करतात. तो मला बाई म्हणतो आणि मी त्याला अजून अरे-तुरे करते. त्याने आईच्या खोलीतल्या ओल्या भिंतीवर बोटाने टकटक केले, पोकळ आवाज ऐकला आणि तीन फूट उंचीपर्यंतचा गिलावा फोडून नवा करायला सांगितला. नव्या गिलाव्याला सुकायला किमान चार आठवडे द्यायचे आणि तोवर त्यावर पुट्टीसुद्धा लावायची नाही, असेही त्याने बजावले. त्यामुळे आईची खोली फेब्रुवारीवर गेली आणि बैठक आधी घेण्याचे ठरले.

बैठकीची भिंत खरवडताना घराचा जुना इतिहास थराथराने खाली आला. सर्वांत वर दादाच्या लग्नाच्या वेळचा फिकट गुलाबी, त्याखाली पिस्त्याच्या रंगाचे डिस्टेंपर आणि तळाशी वडिलांच्या वेळचा, निळ घातलेला चुना. चुन्याच्या पिवळसर झाकेवर निळेची किंचित छटा पडली की डोळ्याला तो अधिक शुभ्र भासतो. धुतलेल्या धोतरांना निळ देण्यामागेही हेच आहे. त्या चुन्याचा हातभर तुकडा कोपऱ्यात न खरवडता ठेवावा असे क्षणभर वाटले, पण त्यावर पुट्टी धरणार नव्हती.

आईच्या खोलीतल्या बाकीच्या तीन भिंती, कपाट आणि दाराची चौकट साबणाच्या पाण्याने धुऊन घेतली. कमरेच्या उंचीवर जागोजागी तेलकट, काळपट डाग होते. ते निघायला बराच वेळ लागला. धुण्यापूर्वी खोलीचे फोटो काढून ठेवले आहेत.

१५ डिसेंबर

आज माझी चूक झाली आणि ती जशी झाली तशी लिहिते.

बैठकीसाठी मी रंगांच्या पुस्तिकेतून फिकट पिवळा निवडला होता. थंडीत दक्षिणेचे ऊन, समोर डोंगर, सागवानी खुर्च्या. पिवळ्याने खोली उबदार दिसेल असा हिशेब होता. पेंटर म्हणाला, "बाई, कार्डावर बघून रंग घेऊ नका, आधी भिंतीवर हातभर लावून बघू." मी त्याला सांगितले की मला रंग कळतात. चारही भिंतींना रंगाचा एक हात दिल्यावर दुपारी खोली उभ्या सोन्यासारखी भडकली आणि संध्याकाळी छताचा दिवा लावल्यावर त्याच भिंती हिरवट, आजारी दिसू लागल्या.

दोन्हींची कारणे मला ठाऊक होती, हे अधिक लाजिरवाणे आहे. पुस्तिकेतला बोटभर तुकडा पांढऱ्या कागदाच्या मधोमध असतो. खोलीत मात्र एका पिवळ्या भिंतीवरून परतलेला पिवळा उजेड समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा परततो आणि दर फेरीला रंग गडद होत जातो. पिवळा या बाबतीत सर्वांत फसवा आहे. हिरवटपणाचे कारण दिवा. छताला ६५०० केल्विनचा, निळसर पांढऱ्या उजेडाचा एलईडी होता आणि निळसर उजेडात पिवळा हिरव्याकडे झुकतो. शाळेत हे मी कागदी चकत्या आणि रंगीत जिलेटिन घेऊन दरवर्षी दाखवत असे.

खोलीच्या भिंतींचे क्षेत्रफळ दारे-खिडक्या वजा जाता साधारण ४२० चौरस फूट आहे. गुळगुळीत भिंतीवर इमल्शनचे दोन हात द्यायला लिटरमागे ६५ चौरस फूट धरले, तर साडेसहा लिटर लागतात. त्यातील निम्मा रंग आज फुकट गेला. उरलेला डबा माळ्याच्या आतल्या बाजूला आणि कपाटाच्या पाठीला वापरायचा आहे, म्हणजे तो कोणाला दिसणार नाही. पेंटर काही बोलला नाही. फक्त हसू लपवण्यासाठी ब्रश धुवायला गेला.

२२ डिसेंबर

आठवडाभर पद्धतशीर चाचणी केली. दोन फूट बाय दोन फुटांचे पाच पुठ्ठे घेऊन त्यांना आधी पांढरा प्रायमर आणि मग पाच वेगवेगळ्या रंगांचे दोन-दोन हात दिले. पुठ्ठ्याचा फायदा असा की तो या भिंतीवरून त्या भिंतीवर हलवता येतो आणि खालच्या जुन्या रंगाची बाधा होत नाही. प्रत्येक पुठ्ठा सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री दिव्याखाली पाहून नोंद केली. तो खोलीच्या मधोमध न धरता भिंतीला चिकटवून आणि सागवानी खुर्चीच्या मागे ठेवून पाहायचा, हा यातला महत्त्वाचा भाग.

फिकट निळसर हिरवा पुठ्ठा खुर्चीमागे ठेवला तेव्हा लाकडाचे पॉलिश एकाएकी नारिंगी, जवळजवळ भडक दिसू लागले. मिशेल शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाई विभाग सांभाळत असताना तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रार आली की काळा पुरेसा काळा दिसत नाही. धागा तपासल्यावर तो निर्दोष निघाला. बिघाड शेजारच्या रंगांमुळे होत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात हा नियम त्यांनी १८३९ मध्ये मांडला. आमच्या खुर्च्यांचे पॉलिशही निर्दोष आहे. त्यांना निळसर हिरवी भिंत मानवत नाही, एवढेच.

शेवटी ताकासारखा, पिवळ्याचा अगदी पुसट अंश असलेला पांढरा निवडला. तो दुपारच्या उन्हात पांढरा दिसतो, डोंगराच्या सावलीत किंचित उबदार होतो आणि सागवानाशी भांडत नाही. छताचा दिवा बदलून ३००० केल्विनचा घेतला. शिवाय सोफ्याच्या कोपऱ्यात उभा दिवा ठेवला, कारण एकाच छतदिव्याने माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि सगळे दमल्यासारखे दिसतात.

दुपारी बाराचा उन्हाचा पट्टा आज साडेतीन फुटांवर आहे. तो दिवाण ओलांडून फरशीवर येतो.

५ जानेवारी २०२५

बैठकीची खोली पूर्ण झाली. दुकानातील यंत्रावर रंग मिसळून आणला तरी दोन डब्यांत सूक्ष्म फरक राहू शकतो, म्हणून पेंटरने सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ओतून घेतले. रंगाचा क्रमांक मीटरच्या पेटीच्या झाकणाआड लिहून ठेवला आहे.

गडद रंग फक्त एकाच ठिकाणी वापरला. स्वयंपाकघराच्या दाराभोवतीची चौकट आणि त्याला लागून असलेला कोनाडा गेरूच्या रंगाचा केला. वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे पाहायला मुलांना नेले की त्यांचे लक्ष आधी हत्ती-घोड्यांकडे जाई. मी मात्र रंगवलेला भाग किती आणि कोरा ठेवलेला किती, तेच पाहत उभी राहत असे.

१२ जानेवारी

आईच्या खोलीचा गिलावा सुकतो आहे तोवर तिथल्या मांडणीला हात घातला. खोलीत पलंग पूर्वेच्या भिंतीला, लाकडी कपाट उत्तरेला, न्हाणीघराचे दार पश्चिमेला. आणि मधे, मला निव्वळ अडगळ वाटणाऱ्या तीन वस्तू : आरामखुर्ची, शिलाईचे मशीन आणि लोखंडी ट्रंक. आई ७८ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात आणि रात्री दोनदा तरी तिला उठावे लागते. म्हाताऱ्या माणसाच्या वाटेत काही असू नये, या सर्वमान्य विचाराने मी तीनही वस्तू बाहेर काढल्या आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत नऊ फुटांची चार फूट रुंद, स्वच्छ वाट केली. फोटो काढला. तो दादाला पाठवला. त्यालाही आवडला.

रात्री अडीच वाजता आईने हाक मारली. ती पलंगाशी उभी होती आणि पुढे पाऊल टाकत नव्हती. "अगं, धरू कशाला?" एवढेच ती म्हणाली.

१९ जानेवारी

८ डिसेंबरला काढलेले फोटो आज मोठे करून पाहिले. जे तेलकट डाग मी साबणाने घासून काढले होते, ते आईच्या हाताचे होते. पलंगाच्या उशाकडचा दांडा, मशीनच्या फळीची कड, कपाटाची उभी पट्टी, दाराच्या चौकटीची डावी बाजू. प्रत्येक डाग जमिनीपासून ३१ ते ३३ इंचांवर आणि एकापासून दुसरा दोन-अडीच फुटांवर, म्हणजे हात लांब केल्यावर पोहोचेल इतक्याच अंतरावर. आरामखुर्चीच्या पाठीवरचे पॉलिशही नेमके एका जागी गेलेले होते. ज्याला मी अडगळ म्हणत होते तो कठडा होता आणि तो आईने वर्षानुवर्षे एकेक वस्तू इंच-इंच सरकवून तयार केला होता. त्याचा आराखडा भिंतीवर लिहिलेला होता आणि मी तो पुसून टाकला.

नवी मांडणी आईला बरोबर घेऊन केली. ती चालली आणि जिथे जिथे तिचा हात आपोआप वर गेला तिथे तिथे मी खडूने खूण केली. आरामखुर्ची परत आली, पण तिच्या पायांना रबराचे बूच लावले, कारण पूर्वी ती भार पडला की घसरत असे. मशीन परत आले. ट्रंक मात्र गेली. ती केवळ १८ इंच उंच आहे, हाताला उपयोगी नाही आणि अंधारात नडगीला लागते. हा निर्णय आईने दिला. तिच्या मते ती ट्रंक मीच कॉलेजात असताना तिथे आणून टाकली होती. कपाट आणि दार यांच्यामध्ये काहीच नव्हते, तिथे सुतारमामांनी भिंतीत पक्क्या खिळवलेल्या आधारांवर गोल सागवानी दांडा ३२ इंचांवर बसवला. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन गादीची उंची १६ वरून १९ इंच केली. गुडघे नव्वद अंशांपेक्षा कमी दुमडले की उठताना कमी जोर लागतो. वाटेची रुंदी आता ३२ इंच आहे. आराखड्यात ती गच्च दिसते. तो फोटो दादाला पाठवला नाही.

२६ जानेवारी

आईच्या खोलीचा रंग निवडताना एक निराळीच अडचण आली. सप्टेंबरमध्ये तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डाव्याची व्हायची आहे. वयानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळट होत जाते आणि निळा उजेड अडवते. ते काढून स्वच्छ भिंग बसवले की निळे रंग एकदम उजळतात. म्हणजे आईचे दोन डोळे सध्या दोन वेगळ्या खोल्या पाहत आहेत.

पाचही पुठ्ठे घेऊन तिला एकेक डोळा झाकायला लावले. फिकट निळ्याला उजव्या डोळ्याने ती "आभाळी" म्हणाली आणि डाव्याने "मळका हिरवा". निव्वळ पांढरा उजव्याला निळसर आणि डाव्याला जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसला. मला स्वतःला सर्वांत आवडलेला करडा तिने दोन्ही डोळ्यांनी नापास केला. एकाच पुठ्ठ्यावर दोन्ही डोळ्यांचे फारसे दुमत झाले नाही. त्याला तिने दोन्ही वेळा "भाकरीचा रंग" म्हटले : जोंधळ्याच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा, पांढऱ्यात जरासा पिवळा, जरासा तांबूस. उत्तरेच्या निळसर उजेडालाही तो पुरून उरतो. मुलांना रंगछटेची नावे पाठ करून घेताना मी अशी नावे खोडून काढत असे, याची आठवण झाली.

पण भाकरीच्या रंगाची भिंत, पांढरे बटणांचे बोर्ड आणि करडी फरशी या सगळ्यांची उजळता जवळजवळ सारखीच असल्याने कडा दिसत नाहीत. कमी झालेल्या दृष्टीला रंगाच्या जातीपेक्षा उजळ आणि गडद यांतला फरक अधिक उपयोगी पडतो. म्हणून तीन ठिकाणे गडद करायची आहेत : फरशीलगतची चार इंचांची पट्टी, दाराची चौकट आणि तो सागवानी दांडा. रंग कावेचा, म्हणजे गेरूसारखा तांबडा. संधिप्रकाशात तांबडे रंग सर्वांत आधी काळवंडतात आणि निळे तुलनेने उजळ राहतात, हे एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने नोंदवले होते. त्यामुळे रात्री हा दांडा तांबडा न दिसता काळा दिसेल. फिकट भिंतीवर काळी रेघ, म्हणजे हवे तेच.

९ फेब्रुवारी

नवा गिलावा ५० हून अधिक दिवस सुकला. प्लॅस्टिकची परीक्षा पुन्हा केली. आतली बाजू कोरडी. पुट्टीचे दोन थर, पॉलिश पेपरने घासणी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात, असे काम चार दिवसांत झाले. आई तोवर बैठकीतल्या दिवाणावर झोपली आणि तिथून हलायला फारशी राजी नव्हती, कारण सकाळी खिडकीतून दूधवाला, भाजीवाली आणि शाळेची मुले पडल्या-पडल्या दिसतात. वडिलांच्या २२ इंचांचा उपयोग अजून आहे.

बटणांच्या बोर्डांभोवती कावेची दोन बोटे रुंद चौकट पेंटरने न सांगता काढली. "आजींना दिसलं पाहिजे," म्हणाला. रेघ हातानेच ओढली होती आणि कुठेही थरथरलेली नव्हती. एलिमेंटरीत त्याला स्मरणचित्रात कमी गुण पडले होते.

२ मार्च

चित्रे टांगली. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ५७ ते ६० इंचांवर यावा असा संकेत आहे. आईच्या खोलीत तो पाळला नाही, कारण तिथे पाहणारी व्यक्ती बहुतेक वेळ बसलेली किंवा पहुडलेली असते. वडिलांचा फोटो ४६ इंचांवर लावला. पाहुण्यांना तो खाली वाटतो.

१८ मे

आज सकाळी साडेसहाला आईला चहा द्यायला गेले तेव्हा तिच्या खोलीच्या पश्चिम भिंतीवर, खिडकीच्या अगदी कोपऱ्याशी, उन्हाची एक उभी चीप पडली होती. १२ नोव्हेंबरच्या नोंदीत "थेट ऊन कधीच येत नाही" असे मी ठामपणे लिहिले आहे. ते चूक आहे. मार्च उलटला की सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवू लागतो आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर भर दुपारी साताऱ्याच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो. सकाळचे तिरपे ऊन मग उत्तरेच्या खिडकीतूनही आत शिरते. मी मोजमाप केवळ थंडीत केले होते.

आईला विचारले तर म्हणाली, "आंबे आले की येतं ते. तासभर असतं."

ऊन पडले होते तेवढ्या भागात भाकरीचा रंग बराच तांबूस, भाजल्यासारखा दिसत होता. चिपेची रुंदी नऊ इंच भरली. कडेला पेन्सिलीने बारीक खूण करून तारीख घातली आणि नोव्हेंबरच्या पानावर तांबड्या शाईने दुरुस्ती केली. पेन्सिलीची खूण पुसू नको, असे आईने सांगितले.